कथेत गाडी बंद पाडायची असेल तर

‘घाटात शिरताच गाडी खट् असा आवाज करून बंद पडली. श्रीधरने उतरून बोनेट उघडलं. एक तार निसटली होती. ती त्याने जोडली आणि गाडी पुन्हा सुरू झाली.’

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून देण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. या ओळींपाशी मी समासात एवढंच लिहिलं, ‘कोणती तार?’ लेखक चाळीसगावचा, घाट कन्नडचा, कथा एरवी चांगली. बहीण-भाऊ, वाटणीचं शेत, रात्रीचा प्रवास. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. “दादा, तारेचं काय एवढं? वाचकाला कुठं कळतं?”

आपल्याकडच्या वाचकाला कळतं. खानदेशात घरटी एकाने तरी ट्रॅक्टर, पिकअप, केळीचा ट्रक नाहीतर काळी-पिवळी चालवलेली असते. तो ‘एक तार’ वाचतो, मनात हसतो आणि मग बहीण-भावाच्या भांडणावरचाही त्याचा विश्वास उडतो.

धुळ्याच्या बाहेर, हायवेला लागून माझ्या मामांचं छोटं गॅरेज होतं. शाळेच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मी तिथे त्यांच्या हातात पाने देण्यात घालवल्या. टोचन करून गाडी आली की बोनेटला हात लावण्याआधी मामा ड्रायव्हरला विचारायचे, “बंद पडली कशी ते तू सांग. का पडली ते मी बघतो.” कथा लिहिणाऱ्यालाही मी हेच विचारतो. गाडी कशी बंद पडली हे नीट सांगता आलं, तर का पडली हे वाचक आपोआप मान्य करतो.

पेट्रोल इंजिनाला चालायला मोजक्या गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा, ठिणगी, आणि या तिन्हींची वेळेवर गाठ. यातलं काय तुटलं त्यावर गाडी बंद पडण्याची तऱ्हा ठरते. ठिणगीची वीज गेली तर इंजिन आवाज न करता मरतं, कुणी चावी फिरवावी तसं. पेट्रोल कमी पडू लागलं तर गाडी आधी झटके खाते, उचल देत नाही, मध्येच पुन्हा सावरते, मग दम सोडते. गरम होऊन बंद पडणारी गाडी तर त्याआधी बराच वेळ सांगत असते, ऐकणाऱ्याचं लक्ष नसतं इतकंच. आणि ‘खट्’ हा आवाज लोखंडाचा किंवा पट्ट्याचा आहे. टायमिंग बेल्ट तुटला तर तसा आवाज येऊन गाडी जागीच बंद पडेल, पण मग ती तारेने सुरू होणार नाही. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावं लागतं. श्रीधरची रात्र घाटातच जाईल.

सगळ्यात जास्त वेळा जी चूक दिसते ती बॅटरीची. ‘रस्त्यात अचानक बॅटरी उतरली आणि गाडी थांबली.’ चालत्या गाडीला वीज बॅटरी देत नाही, अल्टरनेटर देतो. बॅटरी गाडी सुरू करून देते आणि मग त्याच्याकडून स्वतःच भरून घेते. उतरलेल्या बॅटरीने गाडी सकाळी अंगणात सुरू होणार नाही. भर रस्त्यात थांबायची असेल तर अल्टरनेटर बंद पडला पाहिजे, आणि तो पडल्यावर गाडी लगेच थांबत नाही, हळूहळू संपत जाते. रात्री हे लिहायला काय सुंदर आहे! डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लागतं. हेडलाइट पिवळे पडू लागतात. वायपर जड होतो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल, दोन दिव्यांना साधारण १० अँपिअर, इंजिनाला आणि पंपाला तेवढेच. हिशेब केला तर दीड-पावणेदोन तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. दिवे बंद केले तर गाडी जास्त लांब जाते. म्हणजे चांदण्यात दिवे मालवून चालवायचं की उजेडात जाऊन मध्येच थांबायचं, हा निर्णय पात्राला घ्यावा लागतो. ‘अचानक बॅटरी उतरली’ लिहिणारा लेखक हा सगळा प्रसंग हातचा घालवतो.

आपला खलनायक ऊन आहे

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या वर जातो. अशा दुपारी गाडी गरम होणं याला योगायोग म्हणावं लागत नाही. पण ती नेमकी कुठे गरम होईल, हे कळायला थोडी यंत्रणा समजून घ्यावी लागते.

इंजिनाभोवती खेळणारं पाणी रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं. गाडी जोरात धावत असेल तर समोरची हवाच त्याला पुरते. गाडी हळू असेल तर पंख्यावर भिस्त. म्हणून पंख्याची मोटर जळालेली गाडी पारोळा ते एरंडोल सुसाट जाते आणि रेल्वे फाटकात किंवा घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना उकळते. उलट सपाट रस्त्यावर, भरधाव असतानाही तापमानाचा काटा चढत असेल तर पाणी कमी आहे, वॉटर पंप गेला आहे किंवा पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट अडकला आहे. (आपल्याकडच्या मिस्त्रींनी वर्षानुवर्षं यावर एकच इलाज केला. थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. गाडी चालायची, पण थंडीत इंजिन तापायला वेळ घ्यायचं आणि पेट्रोल जास्त प्यायचं.)

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाबाचा. आतलं पाणी दाबाखाली ठेवलं की ते १०० अंशांवर उकळत नाही, ०.९च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८च्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं आणखी वर. म्हणून तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की दाब क्षणात जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून अंगावर येतं. मामांच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट डाग होता. त्यांनी तो कधी लपवला नाही. नव्या पोराला झाकण उघडायला शिकवायचं तर बाही वर करायचे, बाकी काही बोलायचे नाहीत. तेव्हा ज्या कथेत नायक गाडी थांबवल्या थांबवल्या झाकण फिरवून बिसलेरी ओततो, तिथे पुढच्या ओळीत दवाखाना आला पाहिजे. निदान अर्धा तास थांबायचं, झाकणावर ओलं फडकं, पाव वळसा, फुस्स होऊ द्यायचं. पाणीही हळूहळू, इंजिन चालू ठेवून. रसरसलेल्या हेडवर थंड पाणी पडलं तर ते तडकू शकतं. हा अर्धा तास कथेच्या कामाचा आहे. कुणालाच कुठे जाता येत नाही आणि गाडीत बसवत नाही, तेव्हा माणसं बोलतात.

गरम होण्याची वर्दी कशी मिळते हेही नेमकं लिहा. बऱ्याच गाड्यांत आधी एसी थंड करायचा थांबतो, कारण इंजिनावरचा भार कमी करायला गाडीच तो तोडते. मग गोडसर वास येतो, तो कूलंटचा. मग काटा. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी: होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, फुटून सगळं पाणी एकदम गेलं तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. ड्रायव्हर म्हणतो, “चला, थंड झाली.” तेव्हा आत इंजिन भाजत असतं. असा खोटा दिलासा मी अजून एकाही कथेत वाचलेला नाही.

यावर रस्त्यातले उपाय खरे आहेत, आणि प्रत्येकाची मर्यादाही खरी आहे. काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण लावायचा. हीटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. आता ४५ अंशांत, काचा खाली, तोंडावर हीटर, मागे सासूबाई. विनोदी लेखकाने याहून जास्त काय मागावं?

होज पाईप फुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वर बाइंडिंग तार, आणि झाकण सैल ठेवायचं म्हणजे दाब चढत नाही. दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार. तोरणमाळसारख्या हजार मीटरवरच्या ठिकाणी तर ते १०० नव्हे, ९६-९७लाच उकळेल. मग दर आठ-दहा किलोमीटरला थांबणं आलं, पाण्याचा कॅन आला, शेतातल्या विहिरीवर जाऊन “काय व्हयनं भो?” ऐकणं आलं.

खानदेशी कथेला शोभेल असा एक जुगाड सांगतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हीटरच्या रबरी नळीचं आतलं तोंड साधारण १६ मिलिमीटर असतं. आपल्या केळीत आणि कापसात ठिबकची जी लॅटरल अंथरलेली असते, ती बाहेरून १६ मिलिमीटर. हीटरची नळी मध्येच चिरली तर चिरलेला तुकडा कापून, ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा आत सारून, दोन्हीकडे तारेने आवळता येतं. ठिबकचं प्लॅस्टिक उकळत्या पाण्यात मऊ पडतं, म्हणून हे रावेरहून सावद्यापर्यंत नेईल, मुंबईपर्यंत नाही. त्याहून शहाणा मिस्त्री हीटरच कापून टाकेल. इंजिनातून निघणारी नळी वळवून परत इंजिनालाच जोडेल. हीटर कायमचा बंद, पण जळगावात त्याची आठवण कोण काढतंय!

हळदीचंही विचारतात. रेडिएटरला सुईएवढा पाझर असेल तर हळदीची पूड टाकायची पद्धत ड्रायव्हर लोकांत होती, आणि बारीक भोकात तिचा गाळ बसतो हे खरं. फुटलेल्या होजवर तिचा काही उपयोग नाही. शिवाय तो गाळ नको तिथेही बसतो. पुढे रेडिएटर खोलून साफ करायची पाळी येते.

दुरुस्ती म्हणजे उसनवारी

रस्त्यात केलेली दुरुस्ती फुकट पडत नाही, ती उसनी असते. वेग, आवाज, उजेड, ब्रेक, यातलं काहीतरी गहाण टाकून पुढचे वीस किलोमीटर मिळतात. ‘जोडली आणि गाडी सुरू झाली’ हे वाक्य खोटं वाटतं ते तांत्रिक चुकीपेक्षा यामुळे, की त्यात काहीच गहाण पडलेलं नसतं.

साबणाचं घ्या. दगड लागून डिझेलची टाकी पाझरायला लागली, तर कोरडा साबण हाताने मळून चिरेत भरतात. साबण डिझेल-पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो तग धरतो. पण पाण्यात विरघळतो. म्हणजे तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीच्या घाटात पाऊस सुरू झाला की तुमचं कथानक तुमच्या हातात आलं. त्या बाजूला मोबाईलची रेंज जाते हेही सोयीचं. नाहीतर आज कुठलाही वाचक विचारेल, फोन का नाही केला? राष्ट्रीय महामार्गावर तर १०३३ नंबरवर मदत मागता येते. धुळे-जळगाव हायवेवर नायकाला रात्रभर एकटं ठेवायचं असेल तर आधी त्याचा फोन संपवा.

सायलेन्सर लोंबकळला तर तारेने बांधतात. एका नवोदिताने केळीच्या सोपटाने बांधला होता. स्थानिक रंग छान होता, पण तापलेल्या पाइपावर सोपट किती वेळ टिकणार?

क्लच केबल तुटली, हा जुन्या गाड्यांचा हमखास प्रसंग. गाडी तरीही चालते. पहिला गिअर टाकून स्टार्टर मारायचा, गाडी गचके देत सुटते; पुढचे गिअर अॅक्सिलरेटर सोडून, आवाजावर कान ठेवून टाकायचे. थांबता मात्र येत नाही. थांबली की पुन्हा गचके. अमळनेरच्या बाजारातून अशी गाडी काढणं हा मारामारीपेक्षा रंगतदार प्रसंग होईल. अॅक्सिलरेटरची केबल तुटली तर कार्ब्युरेटरला सुतळी बांधून ती बोनेटच्या फटीतून आत घ्यायची आणि शेजारच्याने ओढायची. एकाच्या हातात स्टिअरिंग, दुसऱ्याच्या हातात वेग. नवरा-बायकोची कथा असेल तर मी आणखी काही सुचवत नाही.

फॅनबेल्टच्या जागी साडीची पट्टी बांधून गाव गाठलं, असं बऱ्याच कथांत येतं. ॲम्बॅसडरसारख्या जुन्या गाडीच्या व्ही-बेल्टच्या जागी घट्ट पीळ दिलेलं कापड हळू चालीने थोडं अंतर पाणी फिरवू शकेल. आजच्या गाडीत एकच लांब, चपटा, खाचांचा पट्टा चार-पाच पुलींवरून जातो. तिथे पैठणी बांधली तरी चालणार नाही. बेल्ट तुटला आहे हे कळतं कसं? बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर. म्हणून बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ काटा चढतो. दोन लक्षणं जोडून लिहिली की जाणकार वाचक पात्राच्या आधी ओळखतो, आणि त्याला ते आवडतं.

साल कोणतं, ते आधी ठरवा

मारुती ८०० आली १९८३च्या डिसेंबरात; ॲम्बॅसडर बंद झाली २०१४मध्ये. यांच्या मधल्या काळात गाडी आतून पार बदलली, आणि बिघाडही. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची, पंपाला वाफ ओढता येत नसे. ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बिडी ओढायचा, आणि वीस मिनिटांनी गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. १९८५च्या कथेत हे सोनं आहे. पंप टाकीत बसवलेल्या आणि पेट्रोल दाबाने पाठवणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत ते जवळपास होतच नाही.

डिझेल जीपच्या ‘प्लगमध्ये कचरा आला’ असंही वाचतो. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. हीटर प्लग असतात ते सुरू करण्यापुरते. जुन्या डिझेल जीपचा खरा बिघाड म्हणजे डिझेल संपून लाइनीत हवा शिरणं. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरजवळच्या हातपंपाने पंपिंग करत, नट ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत हवा काढावी लागते. हात, बाही, सगळं डिझेलने माखतं आणि तो वास रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येतो. याच जीपांना बॅटरी मेली तरी उतारावर सोडून सुरू करता येतं, म्हणून काळी-पिवळीवाले गाडी नेहमी उतारावर लावायचे. धक्का स्टार्टही साध्या गिअरच्या गाडीलाच. ऑटोमॅटिकला दहा जणांनी ढकललं तरी नाही.

२०२०च्या एप्रिलनंतरच्या बीएस-सहा गाड्यांत तर गाडी बहुधा बंद पडत नाही, ती रुसते. काही सेन्सर बिघडला की संगणक ताकद कापतो, गाडी रांगत राहते. मागून कुणी पाठलाग करत असेल तर ठार बंद पडण्यापेक्षा हे जास्त छळतं.

ब्रेकबद्दल थोडक्यात. खलनायक रात्री ब्रेकची नळी कापतो आणि नायकाला ते घाटात कळतं, असं होत नाही. कापलेल्या नळीचा ब्रेक अंगणातून निघताना पहिल्यांदा दाबला की पायाला कळतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि आजच्या गाडीत दोन वेगळी सर्किट असतात, त्यामुळे अर्धा ब्रेक उरतोच. घाटात ब्रेक जायचा खरा मार्ग साधा आहे. गाडी न्यूट्रलला टाकून, ब्रेकवर पाय ठेवून कोंडाईबारी उतरायची. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांवर उकळतं, ओल प्यालेलं १४०वर. उकळलं की नळीत वाफ, आणि पाय सरळ फळीला. इथे खलनायक लागत नाही. काटकसरी काका पुरतात, ‘उतारावर कशाला पेट्रोल जाळायचं’ म्हणणारे.

चाळीसगावच्या त्या लेखकाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, गाडी कोणत्या सालची? तो म्हणाला, २००८ची, पेट्रोल. मग मी तारेऐवजी रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, सुचवला. फ्यूजच्या डबीत काडेपेटीहून लहान काळे चौकोनी ठोकळे असतात. पेट्रोल पंपाचा रिले गेला की गाडी ‘खट्’ न करता गप मरते. स्टार्टर छान फिरतो पण इंजिन धरत नाही, आणि चावी अर्धी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद येणारी ती बारीक घुंई ऐकू येत नाही. डबीच्या झाकणावर नकाशा असतो. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच मापाचा असतो. तो काढून पंपाच्या जागी बसवायचा. हाताला ना तार लागते, ना पाना.

“म्हणजे गाडी सुरू होईल?” त्याने विचारलं.

“होईल. हॉर्न वाजणार नाही.”

तो जरा वेळ गप्प होता. आठवड्याने सुधारलेली कथा आली. कन्नडचा घाट, रात्र, आंधळी वळणं, समोरून येणारे ट्रक. घरून निघाल्यापासून भावाशी एक शब्द न बोललेली बहीण प्रत्येक वळणाला काच खाली करून, डोकं बाहेर काढून, दारावर हात आपटत ओरडते, “हो ऽऽ, गाडी येते हो ऽऽ!” घाट संपेपर्यंत तिचा आवाज बसलेला असतो.

मी समासात काही लिहिलं नाही.